तिथीची पाऊणपट

आमच्या एका वाचकभगिनीचें पत्र परवां आलें. त्यांचें कुटुंब एकत्र आहे; घरांत सात मुलें, दोन वृद्ध आणि सुटी एकच. "मुलांस समुद्रावर न्यावें कीं डोंगरावर, यावरून घरांत दोन तट पडले आहेत, आपण निर्णय द्यावा," असें त्या लिहितात. कांहीं वर्षांपूर्वीं हें पत्र आलें असतें तर आम्हीं उलट टपालीं निर्णय देऊन टाकला असता. आज लेखणी अडखळते. हाच वाद आमच्या घरांत पस्तीस वर्षें चालला होता. त्यांत एक पक्ष मोठ्यानें बोलत असे आणि दुसरा पक्ष डबे भरीत असे.

मोठ्यानें बोलणारा पक्ष आमचा. आम्ही घाटावरचे. शाळेंत होतों तोंवर दर हिवाळ्यांत वरच्या वर्गांतील मुलांस घेऊन एखादा गड चढावयाचा, असा आमचा नेम होता, आणि घरचीं मुलें मोठीं झाल्यावर तींही त्यांत सामील झालीं. राजगड झाला, तोरणा झाला, राजमाची झाली. पण जीव जडला तो हरिश्चंद्रगडावर. पाचनईच्या वाटेनें वर यावें, मंदिराच्या आवारांत पाठीवरचें ओझें टाकावें आणि केदारेश्वराच्या गुहेंत डोकवावें. आंत कंबरभर गार पाणी आणि त्यांत भलें थोरलें शिवलिंग. भोंवतालच्या चार खांबांपैकीं एकच आतां अखंड उभा आहे. बाकीच्यांचे अवशेष पाहून मुलें दर खेपेस विचारीत, "सर, छत पडणार तर नाहीं ना?" आणि आम्ही दर खेपेस उत्तर देत असूं, "तुमच्या पणज्याच्या वेळींही पडलें नाहीं." मग दुपार कलली कीं कोंकणकड्याकडे जावयाचें. अर्धचंद्रासारखा आंत वळलेला हा प्रचंड कडा. कांठाशीं पालथें निजून खालीं पाहावें, तर दृष्टि जमिनीस टेंकण्यापूर्वींच पोटांत खड्डा पडतो.

त्या कड्यावर आम्हांस एकदांच इंद्रवज्र दिसलें. त्यास सकाळची वेळ हवी. सूर्य पाठीशीं हवा, आणि समोर कोंकणांत धुकें कांठोकांठ भरलेलें हवें. मग आपली सावली धुक्यावर पडते आणि सावलीच्या मस्तकाभोंवतीं सप्तरंगी वर्तुळ उमटतें. अर्धें नव्हे, पुरतें. कर्नल साइक्स नांवाच्या इंग्रज अंमलदारानें दख्खनच्या हवामानावर जो निबंध १८३५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथांत प्रसिद्ध केला, त्यांत या गडावरील अशा वर्तुळांचें वर्णन आहे. यांतील गंमत अशी कीं दहा माणसें ओळीनें उभीं असलीं तरी प्रत्येकास तें वलय आपल्याच सावलीच्या डोक्याभोंवतीं दिसतें, शेजाऱ्याच्या दिसत नाहीं. त्या दिवशीं मुलें यावरून आपसांत भांडलीं. आम्हांसही तें आमच्याच डोक्याभोंवतीं दिसलें, हें येथें नमूद करावयास हरकत नाहीं.

साइक्साच्या त्या निबंधाचा एक मोठा विषय मात्र हवेची भरती-ओहोटी हा होता. वायुभारमापकांतील पारा आपल्याकडे रोज दोनदां चढतो आणि दोनदां उतरतो. सकाळीं व रात्रीं दहाच्या सुमारास वर, पहाटे व दुपारीं चारच्या सुमारास खालीं. समुद्राची भरती मुख्यतः चंद्राच्या ओढीनें, आणि ही सूर्याच्या तापानें. हें आम्ही मुलांस मोठ्या रसानें सांगत असूं. समुद्राच्या भरतीविषयीं एवढ्या आस्थेनें कधीं बोललों असूं, असें स्मरत नाहीं.

समुद्राविषयीं आमचें मत बनून गेलें होतें. संस्कृतांत पर्वतास 'अचल' म्हणतात, 'नग' म्हणतात. न जाणारा, न हलणारा. ज्याच्या आश्रयास जावें तो असा असावा, आणि घटकेत पुढें, घटकेत मागें असें करणाऱ्या पाण्याचा भरंवसा तो काय धरावा, हा आमचा सिद्धांत. त्यास दृष्टांतही हाताशीं होता. महाबळेश्वरीं आर्थर सीट म्हणून जें टोंक आहे, तेथून सावित्रीचें खोरें पायाखालीं उलगडतें. तें टोंक ज्या आर्थर मॅलेट साहेबाच्या नांवानें ओळखलें जातें, त्याची पत्नी आणि तान्हें मूल याच सावित्रीच्या मुखाशीं, बाणकोटजवळ, बुडालीं, अशी हकीकत सांगतात. त्या कठड्याशीं उभें राहून ती हकीकत मुलांस सांगावी, पश्चिमेकडे बोट दाखवावें आणि म्हणावें, "बाळांनो, नदी डोंगरांत होती तोंवर तिनें कोणाचें वाईट केलें नाहीं." मुलें गंभीर होत. आम्हांस समाधान वाटे.

आतां दुसऱ्या पक्षाविषयीं. आमच्या सौभाग्यवतींचें माहेर श्रीवर्धन तालुक्यांतलें, सावित्रीच्या खाडीपासून फार दूर नाहीं. वर्षांतून एकदां, बहुधा होळीच्या सुमारास, त्या म्हणत, "एकदां सारे मिळून हरिहरेश्वराला जाऊं." आम्ही म्हणत असूं, "तेथें पाहावयाचें काय? पाणी." विषय तेथेंच संपे. सासुरवाडीस आम्ही गेलों नाहीं असें नाहीं. पण जांवयाचें जाणें म्हणजे ओटीवर बसणें, आंबे खाणें आणि दुपारीं निजणें. गडावर जावयाचें ठरलें कीं मात्र पहाटे चारला स्वयंपाकघरांत दिवा लागे. दशम्या, शेंगदाण्याची चटणी, लिंबाचें लोणचें, मुलांपैकीं कोणी डबा विसरेल म्हणून चार जणांचें जास्त. आम्ही निघतांना त्या दारांत येत आणि "कड्याशीं जपून" एवढें म्हणत. त्या कधीं बरोबर आल्या नाहींत. घरांत आमचे वृद्ध आईवडील, धाकट्या भावाचीं मुलें, सणवार. कोणीतरी घरीं राहावयास हवें, आणि तें कोणीतरी कोण, हा प्रश्न आमच्या मनांत आलाच नाहीं.

मग २०२१ सालचा जुलै आला. साथीचे दिवस होते, गडकिल्ले दूर राहिले होते. २२ तारखेच्या संध्याकाळीं महाबळेश्वरास अतोनात पाऊस पडत असल्याची बातमी नातवानें वाचून दाखविली. आम्हांस आनंदाचें भरतें आलें. महाबळेश्वरच्या पावसाचे आंकडे आम्ही वहींत टिपून ठेवतों. "उद्यां पाहा, विक्रम होणार," असें आम्ही म्हणालों. सौभाग्यवती स्वयंपाकघरांतून बाहेर आल्या, पंचांग उघडलें आणि बोटांच्या पेरांवर कांहीं मोजलें.

"दादाला आधीं फोन लावा," त्या म्हणाल्या.

आमचे थोरले मेहुणे महाडास बाजारपेठेंत राहतात. आम्हीं विचारलें, काय झालें? त्या म्हणाल्या, "अहो, आज तेरस. रात्रीं पावणेदहाला भरती, तीही उधाणाची. वरचें एवढें पाणी जाईल कुठें?"

हा हिशेब घाटावरच्या वाचकांसाठीं उलगडून सांगतों. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून तिथीचा आंकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जे तास येतील त्या सुमारास कोंकण किनाऱ्यावर भरती पुरी होते, एकदां दिवसा आणि एकदां रात्रीं. अष्टमीस सहा, तेरसेस पावणेदहा. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटें उशीरां उगवतो आणि भरतीही त्याच्या मागोमाग तितकीच सरकते. पाऊण तास हा त्याचा हातहिशेब. अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडावयाचाच. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास चंद्र-सूर्यांची ओढ एका रेषेंत येते, पाणी पुष्कळ चढतें, तें उधाण. अष्टमीच्या आसपास ती ओढ काटकोनांत पडते, पाणी कमी चढतें, तो भांग. यांतलें चंद्राचें प्रकरण आम्हीं फळ्यावर आकृति काढून किती वर्गांना शिकविलें असेल! पण महाबळेश्वरचा पाऊस आणि तेरस हीं दोन्हीं एका वाक्यांत आणण्याची बुद्धि आम्हांस झाली नव्हती.

फोन एकदां लागला. मेहुणे म्हणाले, पाणी रस्त्यावर आलें आहे, पायरीला लागायचें आहे. त्यानंतर दोन दिवस लागला नाहीं.

त्या चोवीस तासांत महाबळेश्वरास ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. पुण्यास अवघ्या पावसाळ्यांत पडतो जवळजवळ तेवढा. सावित्री डोंगरावरून उतरत होती, गांधारी आणि काळ तिला येऊन मिळत होत्या, आणि खालून भरतीचें पाणी खाडीनें वर येत होतें. गुरुपौर्णिमा २४ तारखेस होती. पुराला आणखीही कारणें असतात. पात्रांतला गाळ हें त्यांतलें एक. परंतु त्या रात्रीं महाडच्या बाजारपेठेंत तळमजले बुडाले. आणि त्याच दिवशीं महाड तालुक्यांतील तळिये गांवावर डोंगराचा कडा सुटून आला. ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. माती पाणी पिऊन जड झाली, खडकावरची तिची पकड सुटली, आणि जो हलत नाहीं म्हणून ज्याच्या पायथ्याशीं पिढ्यान्‌पिढ्या घरें बांधलीं, तोच घरांवर आला. 'अचल' हा शब्द पुढें कित्येक दिवस आमच्या तोंडून निघाला नाहीं.

मेहुणे वांचले. शेजाऱ्यांच्या वरच्या मजल्यावर अकरा माणसांनीं उभ्यानें रात्र काढली. घरांतलें धान्य, अंथरूण, सासऱ्यांच्या हातचे जुने कागद, सारें चिखलांत गेलें. ते दोन दिवस आमच्या घरांत कोणी कोणाशीं फारसें बोललें नाहीं. सौभाग्यवती मात्र दर सहा तासांनीं घड्याळाकडे पाहत. "आतां उतरेल," असें पुटपुटत, आणि पुढच्या सहा तासांनीं कांहीं न बोलतां पुन्हां पाहत. आम्ही समोरच्या खुर्चींत बसून होतों. आमच्या पावसाच्या वहींत तो ५९४ चा आंकडा अजून लिहिलेला नाहीं.

पुढें २०२२ च्या माघांत, वसंतपंचमीस, आम्ही हरिहरेश्वरास गेलों. या खेपेस त्यांनीं विषय काढला नव्हता, आम्हींच काढला. बरोबर मुलगा, सून आणि अकरा वर्षांचा नातू. तेथील रीत अशी कीं आधीं काळभैरवाचें दर्शन घ्यावें, मग हरिहरेश्वराचें आणि पुन्हां काळभैरवाचें. मग प्रदक्षिणा. दोन खडकांमधील अरुंद चिरेंतून पायऱ्या थेट समुद्राकडे उतरतात, आणि टेंकडीच्या पायथ्यानें खडकांवरून वळसा घालून परत यावयाचें असतें. भरतींत ती वाट समुद्राची असते, माणसाची नसते.

दर्शन होईपर्यंत साडेबारा झाले. आतां आम्हीही हिशेब शिकलों होतों. पंचमीची पाऊणपट पावणेचार. "तीन तास हातांत आहेत," आम्ही ऐटींत म्हणालों.

"हातांत कांहीं नाहीं," त्या म्हणाल्या. "पाणी चढतें आहे. उद्यां सकाळीं जाऊं."

येथें ऐकावयास हवें होतें. परंतु चाळीस गड चढलेल्या माणसास पन्नास पायऱ्यांची भीति ती काय! "नुसते पायऱ्यांपर्यंत जाऊन येतों," असें म्हणून आम्हीं नातवाचा हात धरला. खालीं उतरलों तों खडक कोरडे दिसले. दोन लाटा लांबच फुटल्या. नातू म्हणाला, "आजोबा, अजून थोडें पुढें." आम्ही थोडे पुढें गेलों. तिसरी लाट फुटलेली आम्हीं पाहिलीच नाहीं. ती बाजूच्या खांचेंतून आंत शिरली आणि एकदम पायांखालून वर आली. पाणी आमच्या मांड्यांपर्यंत आणि पोराच्या छातीपर्यंत आलें. लाट मागें फिरली तेव्हां तिनें त्यास ओढलें. आमच्या एका हातांत त्याचें मनगट होतें आणि दुसरा हात खडकाच्या कंगोऱ्यावर. तळहाताची सालटें निघालीं. किती वेळ गेला म्हणाल तर एक श्वास. मग पाणी ओसरलें. पोराची एक चप्पल लांब पाण्यावर डोलत होती, आणि पलीकडे बाणकोटचा डोंगर उन्हांत स्वच्छ दिसत होता.

आम्ही वर आलों. पायऱ्यांच्या माथ्याशीं त्या उभ्या होत्या. त्यांनीं पोरास पदरानें पुसलें, आमचा तळहात पाहिला, आणि कांहीं बोलल्या नाहींत. बोलल्या असत्या तर बरें झालें असतें.

संध्याकाळीं आपण होऊन म्हणाल्या, "पाणी आधीं उठतें, मग धांवतें, मग दमतें. तुम्ही धांवतांना गेलांत." आम्हीं वही काढली. दर्यावर्दी लोकांचा एक ठोकताळा आम्हांस आठवला: ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या सहा तासांत चढणाऱ्या पाण्याचे बारा वाटे केले, तर पहिल्या तासांत एक वाटा चढतो, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत व चौथ्यांत तीन-तीन, मग पुन्हां दोन आणि शेवटीं एक. म्हणजे अर्धें पाणी मधल्या दोन तासांतच येतें. त्या दिवशींची ओहोटी पावणेदहाची. मधले दोन तास पावणेबारा ते पावणेदोन. आम्ही बरोबर त्यांच्या मध्यावर खालीं उभे होतों. भागाकार अचूक होता, फक्त एका दिवसानें उशीरां झाला. त्यांनीं तो वडिलांच्या मागून खडकांवर चालतांना नऊ वर्षांच्या असतांना केला होता, अंकांवांचून.

दुसरे दिवशीं षष्ठी. साडेचारची भरती, साडेदहाची ओहोटी. त्यांच्या हुकमानें नवास निघालों. पाणी दमून मागें चाललें होतें. त्या पदर खोंचून पुढें, त्यांच्यामागें नातू, मागें आम्ही. जेथें आदल्या दिवशीं छातीभर पाणी होतें तेथें कोरड्या खडकावर कालवें चिकटलेलीं होतीं. टेंकडीच्या भिंतीस मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. खारें पाणी दगडाच्या सूक्ष्म रंध्रांत शिरतें, उन्हानें आटतें, आणि मिठाचे स्फटिक वाढतांना दगडाचे कण सुटे करतात. डोंगराला समुद्र असा कणाकणानें खातो. नातवास हें समजावून सांगतांना आमच्या मनांत 'वेला' हा शब्द आला. संस्कृतांत वेला म्हणजे समुद्राचा कांठ, वेला म्हणजे मर्यादा, वेला म्हणजे भरती, आणि वेला म्हणजे काळही. आपली 'वेळ' तीच. हा शब्द आम्हीं तीस वर्षें पाठ करून घेतला. चारही अर्थ कोशांत एका ओळींत छापलेले असतात.

वळसा संपतां संपतां त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "महाबळेश्वर कुठल्या बाजूला?"

आम्हीं पूर्वेकडे हात केला.

"तुमचें तें आर्थर सीट मी पाहिलेलें नाहीं," त्या म्हणाल्या. स्वरांत तक्रार नव्हती. एखादी वस्तु कपाटांत नाहीं असें सांगावें तसें सांगितलें. आम्ही मनांत मोजूं लागलों. आमच्याच तेथें बावीस-तेवीस फेऱ्या झालेल्या. प्रत्येक फेरीच्या दशम्या आम्हांस आठवत होत्या.

वाचकभगिनींच्या पत्राचें उत्तर आम्हीं टपालानें धाडलें आहे. समुद्रावर जाणार असाल तर पंचांग बरोबर न्यावें, पाऊणपट करावी, आणि खडकांवर जावयाचें तें पाणी उतरतांना. सरकारी कोष्टकें मिळतात तीं अधिक बिनचूक, तीं आधीं पाहावीं. डोंगरावर जाणार असाल तर पावसाळ्याचा भर ओसरूं द्यावा. निर्णय मागितला होता, तो आम्हीं दिला नाहीं.

त्याच वर्षीं मार्गशीर्षांत आम्ही दोघे आर्थर सीटला गेलों. मोटार जवळपर्यंत जाते, आमच्या गुडघ्यांस तेवढें झेपतें. डबा आम्हीं भरला होता. तिखटमिठाच्या पुऱ्या अंमळ करपल्या होत्या, त्याविषयीं कोणी बोललें नाहीं. हवा निवळ होती. आम्हीं कठड्याशीं उभें राहून नेहमीप्रमाणें बोट उचललें. पण मॅलेट साहेबाची हकीकत कांहीं तोंडांतून निघेना. त्या पुष्कळ वेळ खालच्या खोऱ्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "इथून पाणी सुटलें, तर दादाच्या दाराशीं पोंचायला किती तास लागतात?"

त्या कठड्याशीं आम्हीं किती वर्ग उभे केले, कितीजणांनीं प्रश्न विचारले. हा कोणी विचारला नव्हता, आणि आमच्याकडे त्याचें उत्तर नव्हतें. आम्ही गप्प राहिलेले पाहून त्यांनीं वाऱ्यानें उडणारा पदर आवरला आणि बोटांच्या पेरांवर मोजावयास सुरुवात केली.